घरगुती केस ल्यूब: लॅनोलिन आणि आयसोप्रोपिलचं प्रमाण, आणि ७०% अल्कोहोल चालेल का?

करवंद

मंडळी, इथे अमेरिकेत घरी काडतुसं पुन्हा भरतो. सिंगल स्टेज प्रेसवर (एका वेळी एकच काम करणारा हातदाब) .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ विंचेस्टर अशा दोन्ही रायफल काडतुसांच्या उडालेल्या पितळी पुंगळ्या (केस) फुल लेंग्थ साइझ करायच्या आहेत, म्हणजे डाय नावाच्या पोलादी साच्यात दाबून पूर्ण मूळ मापावर आणायच्या. त्यासाठी पुंगळीला लावायच्या वंगणाच्या (केस ल्यूब) विकतच्या स्प्रेची बाटली संपत आली आहे. तिच्यात मुळात लॅनोलिन आणि अल्कोहोलच असतं, तर घरीच करावं म्हणतोय.

अडचण अशी की प्रमाण प्रत्येक ठिकाणी वेगळं दिसतं. कुणी सहा भाग अल्कोहोलला एक भाग लॅनोलिन म्हणतं, कुणी सोळाला एक. लॅनोलिनही दोन तऱ्हेचं मिळतं: डबीतलं घट्ट पिवळं आणि बाटलीतलं पातळ. कोपऱ्यावरच्या फार्मसीत ७०% आयसोप्रोपिल सहज मिळतं, ९१% अधूनमधून मिळतं, ९९% मात्र मागवावं लागेल. ७०% वर भागेल का? फवारल्यावर किती वेळ थांबायचं, आणि साइझ करून झाल्यावर हा चिकटपणा काढायचा कसा? खोबरेल किंवा व्हॅसलीन लावून काम होत असेल तर तेही सांगा, घरात आहेच.

---

तांबट

७०% अजिबात नको. बाकी प्रमाणाची चर्चा मागाहून, कारण पहिल्यांदा बिघडतं ते इथेच.

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण. ते पाणी धरून ठेवतं. निर्जल लॅनोलिन स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पोटात घेऊ शकतं, म्हणून तर मलमांत वापरतात. तुमच्या बाटलीतलं ३०% पाणी आणि लॅनोलिन एकत्र आले की दुधट पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या गुठळ्या तयार होतात. त्या नॉझलमध्ये अडकतात. फवारलं गेलंच तर पुंगळीवर थेंबाथेंबांत बसतं, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. वर पाणी वाळायला वेळ लागतो तो वेगळाच. ९१% वर कसंबसं जमतं, दर वेळी जोरात हलवावं लागतं आणि तरी थोडं गढूळ राहतं. ९९% घ्या, कटकट संपली.

गॅस स्टेशनवर पेट्रोलच्या टाकीतलं पाणी घालवायला 'हीट' नावाच्या बाटल्या मिळतात. त्यातली लाल बाटली, म्हणजे आयसो-हीट, आयसोप्रोपिलची असते आणि ३५५ मिलीच्या एका बाटलीत एक औंस लॅनोलिन ही अमेरिकेतली जुनी कृती आहे. पिवळी बाटली घेऊ नका. ती मिथेनॉलची असते. मिथेनॉल कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातं, आणि इथे तर आपण ते फवारणार आणि वर हाताने चोळणार.

लॅनोलिन पातळ मिळालं तर तेच घ्या, काम सोपं होतं. घट्ट असेल तरी हरकत नाही, ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. लेबलवर 'निर्जल' आणि शुद्ध लिहिलेलं हवं. हातापायांना लावायच्या क्रीममध्ये लॅनोलिन 'असतं', पण सोबत पाणी, सुगंध आणि आणखी दहा गोष्टी असतात. तसलं नको.

कृती अशी:

३० मिली लॅनोलिन. घट्ट असेल तर मोजमापाच्या भांड्याला अर्धं चिकटून बसतं, म्हणून सरळ किचन स्केलवर २८ ग्रॅम वजन करा. (पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, मोजायचा स्केल यासाठी वापरू नका, त्या ताटलीला मेण लागलं की पुढच्या प्रत्येक मापात घोळ.) ३६० मिली ९९% आयसोप्रोपिल.

नळाचं कडकडीत पाणी एका पातेल्यात घ्या. लॅनोलिनची डबी आणि अल्कोहोलची बाटली, दोन्ही त्यात दहा मिनिटं ठेवा. अल्कोहोलच्या बाटलीचं झाकण किंचित सैल करून ठेवा, गरम झाल्यावर आत दाब होतो. मग लॅनोलिन स्प्रे बाटलीत ओता, वरून कोमट अल्कोहोल, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा. फिकट पिवळं, पारदर्शक द्रावण दिसलं म्हणजे जमलं. हे सगळं गरम करण्याचं कारण असं की लॅनोलिन थंड अल्कोहोलमध्ये थोडंच विरघळतं, कोमटात बऱ्यापैकी.

चूल, हॉटप्लेट, मायक्रोवेव्ह यांपैकी काहीही वापरायचं नाही. आयसोप्रोपिलचा फ्लॅश पॉइंट १२ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे साध्या खोलीतल्या तापमानालाच त्याची वाफ पेट घेऊ शकते. वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते. इथल्या बऱ्याच गॅरेजांत गॅसचा वॉटर हीटर असतो आणि त्याची पायलट ज्योत खालीच असते. तेव्हा गॅरेजचं दार उघडून, नाहीतर सरळ अंगणात. पावडरचे डबे आणि प्रायमर (पुंगळीच्या बुडात बसणारी, ठिणगी देणारी टोपी) त्या टेबलावर नकोतच.

आता प्रमाण. वर दिलं ते बाराला एक. .२२३ आणि .३०८ दोन्हीला पुरतं. सहाला एक म्हणजे उगाच चिकट, दहाला एक .३०-०६ किंवा मॅग्नम पुंगळ्यांना बरं, सोळाला एक केलंत तर .२२३ निभावेल पण हातचं राखून काही उरणार नाही. खरं सांगायचं तर दहा ते चौदामध्ये कुठेही असा, पुंगळी अडकते ती प्रमाणामुळे नाही. अडकते ती ओली असताना डायमध्ये घातल्यामुळे.

---

गोफण

तांबटकाकांचं शेवटचं वाक्य ठळक करून भिंतीवर लावा. अल्कोहोल हे नुसतं वाहन आहे. ते स्वतः वंगण नाही, उलट ओलं असेल तर लॅनोलिनची फिल्म धातूवर बसूच देत नाही. उडून गेल्यावर जे मागे उरतं ते वंगण.

लावायची पद्धत लिहितो.

पुंगळ्या आधी स्वच्छ हव्यात. काजळी आणि माती असलेली पुंगळी वंगण लावून डायमध्ये घातली तर डायला चरे पडतात, मग तो चरा पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतो.

.२२३ शंभर एका वेळी घ्या. मोठ्या झिपलॉक पिशवीत टाका, तीन-चार फवारे, पिशवी बंद करून लोळवा, उघडून पुन्हा तीन-चार, पुन्हा लोळवा. मग लगेच बेकिंगच्या ट्रेमध्ये पसरून ओता. पिशवीत तशाच ठेवल्या तर अल्कोहोलला उडायला जागा नसते आणि अर्ध्या तासानेही ओल्याच सापडतात. ट्रेमध्ये पसरल्यावर कोरड्या हवेत पाच मिनिटं पुरतात, दमट दिवशी किंवा थंडीत दहा-पंधरा धरा. घड्याळापेक्षा बोटावर भरवसा ठेवा: पुंगळी उचलून अंगठ्याने चोळा. गार आणि ओलसर लागली तर अजून थांबा. बोटाला हलकी चिकट-तेलकट लागली, बोटाचा ठसा दिसला पण थेंब किंवा ओघळ नाही, म्हणजे तयार.

.३०८ पन्नासच घ्या. पृष्ठभाग मोठा आहे आणि जोरही जास्त लागतो.

आता मान, म्हणजे गोळी धरणारा वरचा अरुंद भाग. बॉटलनेक पुंगळीत (रुंद अंग, मग उतरता खांदा, मग मान) डायमधला एक्स्पांडर बॉल (मान आतून मापाला फुलवणारा गोळा) बाहेर येताना मानेच्या आतून घासत येतो. आत वंगण नसेल तर हँडल वर नेताना कर्कश किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि हाताला झटका बसतो. तो नुसता आवाज नाही, मान ओढली जाते आणि खांदा पुढे सरकतो, म्हणजे ज्या मापासाठी साइझ केलं तेच बिघडतं. पिशवीत लोळवताना मानेत थोडं जातं, पण सगळ्यांत सारखं जात नाही. खात्री हवी असेल तर पुंगळ्या लोडिंग ब्लॉकमध्ये तोंड वर करून उभ्या करा आणि साधारण ४५ अंशांतून चारही बाजूंनी एकेक फवारा मारा. अंगाला आणि मानेच्या आतल्या कडेला, दोन्हीकडे बसतं. सरळ वरून मारू नका, सगळं बुडाशी फ्लॅश होलपाशी (प्रायमरची ठिणगी आत येण्याचं भोक) जाऊन साचतं.

डाय नवीन असेल तर कारखान्यातून लावून आलेलं गंजरोधक तेल आधी पुसून काढा. मग पहिल्या तीन-चार पुंगळ्यांना हात जरा सढळ ठेवा, कारण डायचं आतलं अंग अजून कोरडं असतं. एकदा तिथे फिल्म बसली की पुढे कमी लागतं.

---

खलबत्ता

जरा वेगळं मत. .२२३ शेकड्याने करायच्या असतील तर स्प्रे ठीक. .३०८ साठी, विशेषतः मशीनगनमधून उडालेल्या लष्करी पुंगळ्या असतील तर, मी मेण लावा असंच सांगेन. तसल्या पुंगळ्या बुडाजवळ जास्त फुगलेल्या असतात, आणि स्प्रे नेमका तिथेच कमी पडतो कारण पिशवीत लोळताना बुडं एकमेकांवर घासून पुसली जातात. इम्पीरियलच्या डाय वॅक्सची छोटी डबी वर्षानुवर्षं पुरते. बोटाच्या टोकावर इतकं घ्यायचं की दिसेल न दिसेल, आणि खालच्या तिसऱ्या हिश्शाला फिरवून लावायचं. खांद्याला नाही.

करवंद, तुमच्याकडे घट्ट लॅनोलिन असेल तर तेही तसंच बोटाने लावता येतं, अल्कोहोलशिवाय. थोड्याच पुंगळ्यांचं काम असेल तर बाटली भरायचीही गरज नाही.

खोबरेल आणि व्हॅसलीनबद्दल: नको. प्रश्न घसरडेपणाचा नाही, दाबाचा आहे. डायमध्ये पितळ आणि पोलाद यांच्यामध्ये जो दाब येतो त्याखाली पातळ तेलाची फिल्म फाटते, आणि फाटली की पितळ पोलादावर चक्क चिकटून बसतं. लॅनोलिनमधले लांब साखळ्यांचे एस्टर धातूला धरून राहतात, म्हणून ते टिकतं. व्हॅसलीनचं उलट, तिथे जाड थर बसतो, मग खांद्यावर खळगे पडतात आणि तरीही बूड अडकू शकतं. डब्ल्यूडी-४० कुणी सुचवलं तर तेही याच कारणासाठी नको.

---

करवंद

फारच उपयोगी. तीन शंका.

एक, 'खांद्यावर खळगे' म्हणजे नक्की काय? दोन, आमचं गॅरेज थंडीत शून्याखाली जातं, बाटली तिथेच ठेवली तर चालेल? तीन, एवढं करूनही अडकलीच तर?

---

तांबट

दोनचं उत्तर आधी. थंडीत द्रावण गढूळ होणार आणि तळाला पिवळा साका बसणार. खराब झालं असं समजून फेकू नका. बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून हलवली की पुन्हा साफ. पण साका तळाला असताना न हलवता फवारलंत तर वरचं जवळपास नुसतं अल्कोहोल बाहेर येतं, आणि त्या पुंगळ्या हाताला कोरड्या वाटतात कारण त्या खरोखरच कोरड्या असतात. म्हणून वापरण्याआधी बाटली हलवायची, उन्हाळ्यातसुद्धा. ठेवायची घरात, झाकण घट्ट लावून. अल्कोहोल उडत राहिलं तर प्रमाण आपोआप सहाला एक होऊन बसतं आणि मग तेच खळगे.

काही जण लॅनोलिनमध्ये थोडं एरंडेल घालतात, चार भाग लॅनोलिनला एक भाग एरंडेल. एरंडेल अल्कोहोलमध्ये छान मिसळतं आणि थंडीत साका जरा कमी होतो. घातलं पाहिजे असं नाही.

---

गोफण

खळगे: वंगण जास्त झालं की डायच्या आत त्याला पळायला वाट राहत नाही. द्रव दाबला जात नाही, पितळ दाबलं जातं. खांद्यावर नाहीतर खांद्याच्या लगेच खाली गुळगुळीत काठांचा, लांबट खोलगट डाग दिसतो. उथळ असेल तर पुढच्या वेळी बार उडाला की चेंबरमध्ये (बंदुकीत काडतूस बसतं ती जागा) आपोआप सपाट होतो, वापरायला हरकत नाही. धारदार घडी पडली असेल, कागद दुमडल्यासारखी, तर ती पुंगळी भंगारात.

बहुतेक डायना बाजूला एक बारीक भोक असतं, हवा आणि जादा वंगण बाहेर पडायला. ते मेण आणि काजळीने बुजलं असेल तर प्रमाण अचूक असूनही खळगे पडतील. पाचशे-सहाशे पुंगळ्यांनंतर डाय उघडून आतून कापडाने पुसा, भोकात बारीक तार घाला.

आणखी एक, खांदा किती मागे सरकवायचा हे मोजत असाल (बोल्ट अॅक्शनला, म्हणजे हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीला, साधारण ०.००२ इंच, सेमी ऑटोला ०.००३ ते ०.००४) आणि मापं एका बॅचमध्ये वरखाली येत असतील, तर डायचा लॉक रिंग (डाय जागेवर पक्का करणारी कडी) फिरवण्याआधी वंगण सारखं लागलंय का ते बघा. एक पुंगळी भरपूर वंगणाची, पुढची अर्धी कोरडी, असं असेल तर प्रेसवर येणारा जोर बदलतो, प्रेसची चौकट कमीजास्त ताणली जाते आणि खांद्याचं माप दोन-तीन हजारांश इकडेतिकडे होतं. लोक डायला दोष देत बसतात.

---

वेताळटेकडी

अडकलेली पुंगळी काढण्याबद्दल मी लिहितो.

मुळात ती अडकायच्या आधी हाताला कळतं. नेहमीची पुंगळी डायमध्ये जाताना जोर हळूहळू वाढत जातो. कोरडी पुंगळी अर्ध्यात जाते आणि मग एकदम दगड लागल्यासारखी थांबते. तिथे हँडलवर वजन टाकायचं नाही. जितकी आत गेली तेवढ्यावरून हळू मागे घ्या. बऱ्याचदा येते. पुसून पुन्हा वंगण लावून घाला. जोर लावून पूर्ण आत ढकललीत तर मागे घेताना शेल होल्डर (पुंगळीचं बूड धरणारा प्रेसचा भाग) पुंगळीची कड कातरून काढतो, आणि पुंगळी डायमध्ये ठाण मांडून बसते.

तसं झालंच तर डाय प्रेसवरून काढा. डिकॅपिंग रॉड (जुना प्रायमर ढकलून काढणारी दांडी) वरून सैल करून जितका वर घेता येईल तितका घ्या, नाहीतर पुढच्या पायरीला ड्रिल त्याच्या पिनवर जाऊन आदळेल. मग डाय उलटा करून व्हाइसमध्ये धरा (जबड्यांना लाकूड किंवा चामडं लावून) आणि प्रायमर पॉकेटमधून (प्रायमर बसतो तो खळगा) ७ नंबरच्या ड्रिलने सरळ भोक पाडा. हे ०.२०१ इंचाचं भोक १/४-२० आट्यांसाठी (पाव इंच जाडी, इंचाला २० आटे) लागतं. टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवताना अर्धा फेरा पुढे, पाव मागे, पितळेचा चुरा काढत. आता डायच्या तोंडावर एक सॉकेट किंवा जाड नळीचा तुकडा उभा ठेवा, ज्यात पुंगळीचं बूड सहज मावेल. त्यावर जाड वॉशर, त्यातून १/४-२० चा बोल्ट पुंगळीत. पाना फिरवत जा, पुंगळी वर ओढली जाऊन बाहेर येते. यासाठी तयार किटही मिळतात, त्यांत हेच सामान असतं.

जाम घट्ट असेल तर डाय आधी तासभर फ्रीझरमध्ये ठेवून बघा. पितळ पोलादापेक्षा जास्त आक्रसतं, तेवढी ढील कधी कधी पुरते. नेहमीच पुरेल असं नाही.

पुंगळी निघाल्यावर डायच्या आत टॉर्च मारून बघा. पितळेचे पिवळे पट्टे चिकटलेले दिसले तर ते बारीक पॉलिशने काढल्याशिवाय पुढची पुंगळी घालू नका, ती त्याच जागी अडकेल.

---

खलबत्ता

वंगण काढायचा प्रश्न मागे राहिला. तो 'चिकट लागतं म्हणून काढायचं' इतका साधा नाही. गोळी उडते तेव्हा पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते आणि मागे येणाऱ्या जोराचा काही भाग ती पकड सोसते. अंगाला मेण असेल तर पकड सुटते आणि तो जोर थेट बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणारा भाग) तोंडावर येतो. म्हणून वंगण लावलेली पुंगळी तशीच भरून उडवायची नाही.

काढायची जागा साइझ आणि डिकॅप झाल्यानंतर, प्रायमर बसवायच्या आधी. टंबलरमध्ये (पुंगळ्या घोळवून साफ करायचं यंत्र) मक्याच्या कणसाचा चुरा घालून २० ते ३० मिनिटं. चुरा २०/४० जाडीचा घ्या, जाड घेतलात तर दाणे फ्लॅश होलमध्ये अडकतात. तरी प्रत्येक पुंगळी उजेडाकडे धरून भोक मोकळं आहे का ते पाहायचंच. त्याच चुऱ्यात लॅनोलिन साठत जातं, म्हणून प्रत्येक वेळी पेपर टॉवेलचे चार-पाच तुकडे सोबत टाका, मेण आणि धूळ ते ओढून घेतात. चुऱ्याचे गोळे व्हायला लागले की बदला.

ओलं टंबलिंग करत असाल तर भांडी घासायचा साबण आणि गरम पाणी. गार पाण्यात लॅनोलिन निघत नाही, नुसतं पसरतं. मग पूर्ण वाळवा, प्रायमर पॉकेटमध्ये पाणी राहतं.

थोड्याच असतील तर अल्कोहोलने ओलं केलेलं जुनं फडकं आणि दहा मिनिटांचं काम. मानेच्या आतून कापसाच्या काडीने एक फेरा. आत राहिलेलं मेण पावडरच्या दाण्यांना लागतं आणि फ्लॅश होलमधून प्रायमरपर्यंत पोहोचलं तर बार फुसका जाऊ शकतो.

---

रानमेवा

मधेच विचारतो, पुंगळ्या चकचकीत करायला ब्रासो चालतं का? टंबलरमध्ये चमचाभर टाकतात असं ऐकलंय.

---

खलबत्ता

अमोनिया असलेलं कुठलंही पॉलिश पुंगळीजवळ आणू नका. ताण असलेलं पितळ आणि अमोनिया यांचं वैर आहे. आणि ते कळलं कुठे, तर आपल्याकडेच: ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात हालचाली थंडावल्या की तबेल्यांत साठवून ठेवायचे. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि कारखान्यात ओढून बनवलेल्या पुंगळ्यांमध्ये उरलेला ताण, या तिघांनी मिळून पितळेला भेगा पडायच्या. पावसाळ्यात होतं म्हणून नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. खरं कारण पक्कं व्हायला १९२१ साल उजाडलं. उपाय दोन, ताण घालवायला पुंगळी मंद तापवायची आणि अमोनियापासून लांब ठेवायची.

साइझ केलेल्या पुंगळीत तोच ताण आपण पुन्हा भरत असतो, मानेत आणि खांद्यात. तेव्हा पॉलिश हवंच असेल तर बाटलीवर अमोनिया नाही असं लिहिलेलं घ्या. चकाकीने गोळी सरळ जात नाही हा भाग वेगळा.

---

रानमेवा

घेतलं लक्षात. मी नाशिकला असतो, एअर रायफलच्या पलीकडे गेलेलो नाही. इकडे हा प्रकार करता येतो का?

---

तांबट

नाही. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली काडतुसं बनवायला परवाना लागतो, घरी स्वतःपुरतं भरणंही त्यातून सुटत नाही. वर जे चाललंय ते अमेरिकेतलं आहे. तिथे स्वतःच्या वापरापुरतं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. नाशिकला बसून एअर रायफलच्या पेलेटवरच समाधान माना.

---

करवंद

९९% ची बाटली आणि पातळ लॅनोलिन मागवलं. एक शेवटचं: पिस्तुलाच्या ९ मिमी पुंगळ्यांनाही हे लावायचं का? त्या डायवर कार्बाइड (पोलादापेक्षा कठीण पदार्थ) लिहिलंय, म्हणजे वंगण नको असं समजतो. आणि मग .२२३ चा कार्बाइड डाय घेतला तर हा सगळा खटाटोपच वाचेल ना?

---

गोफण

९ मिमीला कार्बाइड रिंग असेल तर सक्ती नाही. पण ९ मिमीची पुंगळी तोंडाकडे किंचित निमुळती असते, त्यामुळे सरळ पुंगळ्यांपेक्षा जोर जास्त लागतो. दर शंभराला दोन फवारे मारून बघा, हँडल निम्म्या ताकदीने खाली येतं. इथे सोळाला एक पातळ द्रावण पुरे. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (एकापाठोपाठ सगळ्या पायऱ्या करणारा) मधे टंबलिंगची सोय नसते, म्हणून भरून झालेली काडतुसं कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पुसून घ्या.

.२२३ चा कार्बाइड डाय मात्र वंगणातून सोडवत नाही. पिस्तुलाच्या डायमध्ये कार्बाइडची अरुंद रिंग असते आणि पुंगळी तिच्यातून सरकत जाते. बॉटलनेकमध्ये अंग, खांदा आणि मान तिन्ही एकाच वेळी दाबले जातात, तिथे कार्बाइडही कोरडं चालत नाही. रायफलचा कार्बाइड डाय जास्त टिकतो आणि त्याला चरे पडत नाहीत, त्यासाठी घ्यायचा तर घ्या. अडकलेल्या पुंगळीला ड्रिल मारताना मात्र कार्बाइड ठिसूळ असतं हे ध्यानात ठेवा.

---

तांबट

बाटली भरलीत की तिच्यावर मार्करने 'लॅनोलिन + आयसोप्रोपिल, १:१२' आणि तारीख लिहा, आणि ज्वलनशील असंही. काच पुसायच्या स्प्रेची जुनी बाटली वापरणार असाल तर आधी नीट धुऊन पूर्ण वाळवा. तसल्या बऱ्याच द्रवांत अमोनिया असतो.